अकरा आठवडे उशिरा

सत्तेचाळिशी आली तरी तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत. बाबा म्हणत, दादा म्हणे, वहिनी म्हणे. दातांच्या लॅबमध्ये ती विसाव्या वर्षी कामाला लागली तेव्हा तिथं तिच्याहून लहान कोणी नव्हतं, म्हणून मालकानंही तेच नाव उचललं. पुढं तिच्यामागून आठ-दहा जण आले, शिकले, सोडून गेले. हिचं नाव होतं तिथंच राहिलं. दादाचे उसवून बेतलेले कपडे हिला, दादाची पुस्तकं हिला, दादानं टाकलेली सायकल हिला, असंच लहानपण गेलं होतं, त्यामुळे नावाचं तिला काही वाटायचं नाही.

लॅब म्हणजे चपलांच्या दुकानाच्या डोक्यावरची एक लांबट खोली. दोन खिडक्या, त्याही कायम बंद, कारण वारा आत आला की प्लास्टरची धूळ उडून सगळ्यांच्या डोळ्यांत जायची. शहरातले दंतवैद्य आपापल्या पेशंटच्या जबड्यांचे ठसे इथं पाठवत. धाकटी त्यात प्लास्टर ओतायची, साचा निघाला की त्यावर मेण चढवायची, मेणात एकेक दात बसवायची आणि शेवटी कवळी चाकावर धरून चकचकीत करायची. दात बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळे दात शिस्तीत उभे केले की कवळी खोटी दिसते, हे तिचं तिलाच उमगलं होतं. ती समोरचा एक दात जरासा तिरका ठेवायची. मग म्हातारा माणूस हसला की ते हसू त्याचंच वाटायचं.

बाबांची कवळीही तिनंच केली होती. बाबा ऐंशीच्या पुढचे, पाणीपुरवठा खात्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाबा, धाकटी आणि तिची लेक असे तिघं राहत. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. धाकटीचा नवरा लग्नानंतर सहा वर्षांनी दुसऱ्या शहरात कामाला म्हणून गेला आणि तिथलाच होऊन बसला. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. दादा दोन गल्ल्या पलीकडं राहायचा. फरश्यांच्या मोठ्या दुकानात विक्रेता होता, बोलण्यात पटाईत. गिऱ्हाईक एका न्हाणीघराची फरशी घ्यायला आलं तर त्याला तीन खोल्यांची विकून पाठवायचा. बाबांकडं महिन्या-दोन महिन्यांनी डोकावायचा, चहा घ्यायचा, घड्याळ बघायचा आणि जायचा.

बाबा मूळचे इथले नव्हते. सव्विसाव्या वर्षी एका कंत्राटदाराबरोबर पंप बसवायला म्हणून समुद्र ओलांडून आले होते. दोन वर्षांचं काम होतं. ते संपलं तोवर आईशी लग्न ठरलं होतं, आणि परत जाणं राहून गेलं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत त्या देशाचा जुना पासपोर्ट होता, कोपरे झिजून पुठ्ठा उघडा पडलेला. लहानपणी आजारी पडली की धाकटी तो मागून घ्यायची. मग बाबा पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या गावाचं सांगायचे: बंदराकडं उतरणारी गल्ली इतकी उताराची की हातगाडी मागून दोर बांधून सोडावी लागे, घरांच्या खिडक्या हातभर जाड भिंतीत, आणि धुकं पडलं की शेजारच्या घरात हाक मारायलासुद्धा भिंत चाचपत जायचं. दादा तेव्हा बाहेर खेळत असायचा.

पासपोर्टचा खरा अर्थ तिला कळला तो एका दंतवैद्याच्या मदतनीस बाईकडून. ती ठसे घेऊन लॅबवर यायची. एक दिवस म्हणाली, "मी निघाले पुढच्या महिन्यात, तुझ्या बाबांच्या देशात. आजोबा तिकडचे होते ना, त्यांच्यावरून मला नागरिकत्व मिळालं."

"आजोबांवरून?" धाकटीनं विचारलं.

"हो, वंशपरंपरेनं. तुझे तर वडीलच तिकडचे. तुझा हक्कच आहे गं तो, कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्नच नाही."

हक्क हा शब्द धाकटीला उद्देशून आजवर कोणी वापरला नव्हता. दिवसभर तो तिच्या डोक्यात घोळत राहिला. तिची लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. आईला नागरिकत्व मिळालं की अठरा पूर्ण व्हायच्या आत मुलांचीही नोंद होते, हेही त्या बाईनंच सांगितलं. म्हणजे हातात चार वर्षं होती.

त्यातली तीन वर्षं कागद गोळा करण्यात गेली. बाबांच्या गावच्या नोंदणी कार्यालयाला तिनं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं, उत्तर आलं की या नावाची नोंद नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "बंदरावर उतरलो तेव्हा इथल्या कारकुनानं नाव ऐकू आलं तसं लिहिलं. मी म्हटलं, राहू दे, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." एक अक्षर गळलं होतं. त्या गळलेल्या अक्षरापायी प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, दोन साक्षीदार, सगळं करावं लागलं. शेवटी पाचव्या पत्राला खरा दाखला आला, निळ्या शिक्क्याचा, तिकडच्या भाषेत. तिनं तो बाबांपुढं धरला. बाबांनी चष्मा चढवला आणि अडखळत मोठ्यानं वाचायला लागले. ती भाषा त्यांच्या तोंडून तिनं शिव्यांपलीकडं कधी ऐकली नव्हती. स्वतःच्या आईच्या नावाशी आले तसे ते थांबले, पुन्हा एकदा ते नाव वाचलं आणि कागद तिच्या हातात देऊन म्हणाले, "बरोबर आहे."

आई-बाबांच्या लग्नाचा दाखला, दोन्ही मुलांचे जन्मदाखले, बाबांच्या वडिलांच्या नोंदीची प्रत, प्रत्येकाचं भाषांतर, प्रत्येक भाषांतरावर शिक्का. यादीत शेवटी एक कागद होता: वडिलांनी इथलं नागरिकत्व घेतलं असल्यास त्याचा दाखला. बाबांनी ते घेतलेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याशिवाय पाणीपुरवठा खात्यात कायम नोकरी लागली नसती. पण दाखला हरवला होता. त्याची नक्कल मिळवायला धाकटीनं जिल्ह्याच्या कचेरीत चार खेपा घातल्या. कारकून म्हणायचा, जुने गठ्ठे वाळवीनं खाल्ले. चौथ्या खेपेला ती त्याच्या टेबलासमोरून हललीच नाही. दुपार टळायला आली तेव्हा तो वैतागून उठला आणि कागद काढून आणला. घरी येताना बसमध्ये तिनं तो तीनदा उघडून पाहिला. नाव बरोबर होतं, शिक्का बरोबर होता. तारखेकडं तिनं पाहिलं, पण तारखेत तिला काही दिसलं नाही.

दादाचा अर्ज तिनं भरला तो आपणहून. "एवीतेवी सगळे कागद झालेच आहेत, तर तुझाही टाकते," असं ती म्हणाली.

"तुझं ते भेंडोळं अजून चालूच आहे का?" दादा हसला. "आपण इथंच जन्मलो, इथंच मरणार. काय करायचंय ते परक्यांचं पुस्तक?"

"सही तर कर."

त्यानं दुकानाबाहेर उभ्या असलेल्या टेम्पोच्या टपावर कागद ठेवला आणि न वाचता सह्या ठोकल्या. फोटो काढायला तिनं त्याला ओढून नेलं. फोटोत तो जांभई दाबत असल्यासारखा आला होता.

मुलाखतीसाठी वकिलातीत दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं. बसनं सहा तासांचा प्रवास. दादा वाटेत म्हणाला, एक दिवसाची विक्री बुडाली. वकिलातीतली बसायची खोली लहान होती, खुर्च्या एकमेकींना लोखंडी पट्टीनं जोडलेल्या, आणि एका बाजूला काचेची खिडकी. खिडकीमागची बाई चाळिशीची, बोलायला मऊ. तिनं फाइल पानापानानं पाहिली आणि म्हणाली, "इतकी नीट लावलेली फाइल फार क्वचित येते. कोणी केली?"

"मी," धाकटी म्हणाली.

बाईनं मान हलवली आणि पुढं वाचत राहिली. मग तिनं दोन कागद बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवले. एक बाबांच्या नागरिकत्वाचा दाखला, एक धाकटीचा जन्मदाखला. पेन्सिल एका तारखेवरून दुसरीवर नेली. शेजारच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघत बोटांवर काहीतरी मोजलं.

"तुमच्या भावाचं काही अडचणीचं नाही," ती म्हणाली. "ते जन्मले तेव्हा वडील आमचे नागरिक होते. म्हणजे ते जन्मापासूनच आमचे नागरिक आहेत. त्यांना आम्ही नवीन काही देत नाही, जे आहे त्याची फक्त नोंद करतो. त्यांची मुलं अठराच्या आतली असतील तर त्यांचीही होईल."

"आणि मी?"

"तुमच्या वडिलांनी या देशाची शपथ घेतली. आमच्या कायद्यानं त्या दिवशी त्यांचं आमचं नागरिकत्व आपोआप संपलं. तुमचा जन्म त्यानंतरचा आहे."

"किती नंतरचा?"

"अकरा आठवडे."

धाकटीला आधी वाटलं, ही काहीतरी चूक सांगते आहे, आणि चूक म्हटली की दुरुस्ती असते. ती म्हणाली, "मी पोटात होते तेव्हा. सातवा महिना होता."

"कायदा जन्म धरतो."

"पण बाप तर एकच आहे आमचा."

"बाप एकच आहे," बाई हळूच म्हणाली. "पण तुमच्या जन्माच्या दिवशी तो आमचा नव्हता."

तिनं अपिलाचा एक कागद दिला आणि देताना हेही सांगितलं की अशा प्रकरणात अपील टिकत नाही. ती वाईट बाई नव्हती. वाईट असती तर धाकटीला निदान भांडता तरी आलं असतं.

परतीच्या बसमध्ये दादा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. धाकटीला वाटलं, त्यालाही वाईट वाटतंय. मग गाडी एका थांब्यावर थांबली, त्यानं खाली उतरून दोघांसाठी चहा आणला, तिच्या हातात दिला आणि विचारलं, "पासपोर्ट एकदा मिळाला की किती वर्षं चालतो गं?"

"दहा," ती म्हणाली. सगळे नियम तिला पाठ होते.

घरी बाबा जागेच होते, दाराकडं तोंड करून खुर्चीत. तिनं सांगितलं. त्यांना नीट समजेना. पुन्हा सांगितलं. मग ते म्हणाले, "पण मी काही सोडलं नव्हतं. मी तिकडच्यांना कधी म्हटलं नाही की मला तुम्ही नकोत."

"म्हणावं लागत नाही, बाबा. आपोआप जातं."

"कोणी सांगितलं नाही तसं."

"इतकी काय घाई होती?" तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "सहा वर्षं इथं हंगामी म्हणून राबलात. अजून तीन महिने राबला असता तर काय बिघडलं असतं?"

बाबांनी जसं झालं तसं सांगितलं. दादाच्या पाठचं एक मूल पोटातच गेलं होतं. धाकटीच्या वेळी पाचव्या महिन्यातच आईला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरीण म्हणाली, बाळंतपण मोठ्या इस्पितळातच व्हायला हवं. ते इस्पितळ खात्यातल्या कायम माणसांच्या कुटुंबांसाठी होतं, आणि कायम व्हायचं तर नागरिकत्व लागे. "साहेब म्हणाला, अर्ज कर, मी पुढं सरकवतो. केला. एका सकाळी बोलावलं. रांगेत वीस-पंचवीस जण होतो. हात वर करून शपथ घेतली, सही केली आणि परत पंपावर गेलो. अर्ध्याच दिवसाची रजा होती."

त्यांनी हे सांगताना आपण काही त्याग केला असा आव आणला नाही. तो आणला असता तर ती त्यांना तोडून बोलली असती. बाबा म्हणाले, "थांब म्हणून सांगितलं असतं कोणी, तर थांबलो असतो."

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच होती ती.

चार महिन्यांत दादाचा पासपोर्ट आला. त्यानंतर दादा ओळखू येईना. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो सांगू लागला की मूळचे आम्ही बंदरावरचे. तिकडची भाषा शिकवणारी एक ध्वनिफीत तो गाडी चालवताना लावायचा आणि दोन-तीन वाक्यं घेऊन बाबांकडं यायचा. बाबा उत्तर द्यायचे ते साध्या मराठीत. ज्या पुस्तकाला तो परक्यांचं म्हणायचा ते आता वरच्या खिशात असायचं, हाताला लागेल असं. त्यानं मोठी मेजवानी दिली. तिथं सगळ्यांसमोर तो म्हणाला, "याचं श्रेय धाकटीला. तिनं फार धावपळ केली माझ्यासाठी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीनंही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून. तिची लेक ताट तसंच ठेवून उठून घरी गेली.

आता दादाच्या मुलांच्या नोंदीचा प्रश्न आला. थोरली मुलगी अठराला टेकलेली होती. धाकटीची लेक आणि ही भाची एकाच वर्गातल्या. भाची पाच महिन्यांनी मोठी. शाळेत दोघींना लोक जुळ्या समजायचे. मुलांच्या अर्जाला आजोबांचा मूळ जन्मदाखला लागत होता, तोच निळ्या शिक्क्याचा, आणि तो फाइलसकट धाकटीच्या कपाटात होता. मुलाखत तेरा दिवसांवर, आणि तिच्यानंतर आठवड्याभरात भाचीचा वाढदिवस.

दादाचा फोन आला. धाकटी म्हणाली, "बघते, कुठं ठेवलाय."

तिला माहीत होतं कुठं ठेवलाय. त्या दिवशी तिनं तो फाइलमधून काढला, पिशवीत घातला आणि लॅबमध्ये आपल्या टेबलाच्या खालच्या खणात, दातांच्या रंगांच्या नमुन्यांखाली सरकवला. हे तिनं ठरवून केलं का, हे तिला पुढं कधी नीट सांगता आलं नसतं. फार तर इतकंच म्हणता आलं असतं की सबंध जगात तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी दादानं विचारलं, तिनं शोधते म्हटलं. तिसऱ्या दिवशी वहिनी येऊन बसली, इकडचं तिकडचं बोलली आणि जाताना म्हणाली, "पोरांचं आयुष्य आहे, बघ जरा." चौथ्या दिवशी बाबांनी विचारलं, "माझ्या पेटीत पाहिलंस?" तिनं त्यांच्यासमोर पेटी ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढून पाहण्याचं नाटक केलं. बाबा खुर्चीतून बघत होते. पेटीच्या तळाशी हात पोचला तेव्हा म्हणाले, "राहू दे. इथं नसणारच तो." तिनं त्यांच्याकडं न पाहता पेटी बंद केली.

लॅबमध्ये ती रोज त्या खणापाशी बसून काम करायची. त्या आठवड्यात तिच्या हातच्या दोन कवळ्या परत आल्या. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आठव्या दिवशी भाची जिना चढून लॅबवर आली. दारातच उभी राहिली, धुळीनं शिंकली आणि म्हणाली, "आत्या, आमचे बाबा म्हणतात तू तो कागद मुद्दाम देत नाहीस. आमचं भांडण झालं यावरून. मी म्हटलं, आत्या तसलं काही करणार नाही."

धाकटीच्या हातात गरम मेणाची सुरी होती. ती म्हणाली, "शोधतेय गं."

"मिळाला नाही तर नाही मिळाला," भाची म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला तर ते नागरिकत्व मिळायलाच हवं होतं." आणि आल्या पावली गेली.

नवव्या दिवशी धाकटीनं दाखला दादाच्या दुकानात नेऊन दिला. पाकिटात नीट घालून. "भाषांतराच्या गठ्ठ्यात गेला होता," असं सांगितलं. दादा गिऱ्हाइकाला फरशी दाखवत होता. त्यानं पाकीट उघडून पाहिलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "बघ, मी तुझ्या वहिनीला म्हणतच होतो, धाकटीच्या हातून कधी काही हरवत नाही." ते खोटं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. मुलाखत वेळेत झाली. दोन्ही मुलांची नोंद झाली. त्या नऊ दिवसांबद्दल तिला कोणी कधी जाब विचारला नाही, आणि कोणी विचारला नाही म्हणूनच ते तिच्या अंगाला चिकटून राहिले.

पुढच्या वर्षी दादा सहकुटुंब निघून गेला. जाताना बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "स्थिरस्थावर झालो की तुम्हाला नेतो." बाबा म्हणाले, "मला कशाला? मी पाहिलंय ते." दर रविवारी फोन यायचा. तिकडं थंडी फार, घरं लहान, पण शिस्त आहे. उताराची गल्ली पाहून आलास का, असं बाबांनी एकदा विचारलं. दादा म्हणाला, ते गाव आमच्यापासून खूप लांब पडतं.

धाकटीची लेक मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. आईच्या लॅबमध्ये सुट्ट्या घालवून तिनं दातांच्या कामात गोडी धरली होती. तिनं त्याच देशातल्या एका संस्थेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला आणि तिला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. भाचीनं फोनवर आरडाओरडा करून आनंद व्यक्त केला. राहायला आमच्याकडंच ये म्हणाली. आता फक्त विद्यार्थी व्हिसा हवा होता.

व्हिसाचा अर्ज मायलेकींनी मिळून भरला. एक रकाना होता: आमच्या देशात राहणारे आपले निकटचे नातेवाईक. लेक म्हणाली, "लिहायचं का?"

"खरं आहे ते लिही," धाकटी म्हणाली. "उलट बरंच आहे. आपली माणसं तिथं आहेत हे त्यांना कळेल."

लेकीनं लिहिलं: मामा, नागरिक. मामी. मामेबहीण, नागरिक. मामेभाऊ, नागरिक.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. मजकूर फार सभ्य होता. अर्जदाराचे अनेक निकटचे नातेवाईक आमच्या देशात कायमचे वास्तव्य करून असल्यामुळे अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर अर्जदार आपल्या देशी परत जाईल याबद्दल आमची खात्री पटत नाही. सबब व्हिसा नाकारण्यात येत आहे.

धाकटीनं ते पत्र दोनदा वाचलं. इतकं नातं आहे म्हणून येऊ देत नाही, आणि पुरेसं नातं नाही म्हणून हक्क नाही. तिला हसू आलं, आणि ते हसू बाहेर पडलं तेव्हा लेक घाबरून तिच्या तोंडाकडं बघायला लागली.

रविवारी दादाचा फोन आला. त्याला सांगितलं. त्यानं च्च केलं. म्हणाला, "काय करणार, नियम म्हणजे नियम. इकडं सगळं फार काटेकोर असतं. तुमच्यासारखं नाही."

"आमच्यासारखं?" धाकटीनं विचारलं.

"म्हणजे तिकडच्यासारखं गं."

तिनं फोन बाबांकडं दिला. बाबांनी कानाला लावला, ऐकलं आणि खाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरत होती तेव्हा बाबा कोट घालून, कवळी बसवून, काठी हातात धरून दारापाशी उभे होते. कोटाची बटणं एकाआड एक चुकीच्या काजात गेली होती.

"कुठं निघालात?"

"वकिलातीत. सहा तास लागतात ना? मी सांगतो त्यांना, माझं मला परत द्या. मी मूळचा तिथलाच आहे. मला परत मिळालं की मग तुझं, मग हिचं."

"बाबा, ते मागं जात नाही. आज मिळालं तर आजपासून. माझा जन्म मागंच राहतो."

"कशावरून? तू विचारलंस?"

"विचारलं. अपील केलं होतं ना मी, त्यात तेच विचारलं होतं. नाही म्हणाले."

बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि बटणं काढायला लागले. ती सुटेनात. लेकीनं पुढं होऊन काढून दिली. त्यानंतर रविवारी फोन वाजला की बाबा झोपल्याचं सोंग घेऊ लागले, आणि पुढं पुढं धाकटी त्यांना उठवेनाशी झाली.

संस्थेनं लेकीची जागा दुसऱ्या कोणाला दिली. इथं असला अभ्यासक्रम कुठंच नव्हता. एके दिवशी लेक म्हणाली, "मी तुझ्याबरोबर लॅबमध्ये येते." धाकटी नाही म्हणू शकली असती. आणखी कागद, आणखी एखादा देश, आणखी एखादी खिडकी. हे सगळं तिला येत होतं. पण तिच्यात आता तेवढं बळ उरलं नव्हतं. ती म्हणाली, "केस बांधून ये. चाकात अडकतात."

तिसऱ्या आठवड्यात लेकीनं एका ठशात प्लास्टर ओतलं आणि हवेचा बुडबुडा राहिला. साचा निघाला तेव्हा त्याच्या दाढेच्या जागी नुसतं भोक होतं. पहिल्या महिन्यात हे प्रत्येकाच्या हातून होतं. धाकटीच्या हातून तर दोनदा झालं होतं. तिनं तो साचा उचलला आणि सगळ्यांसमोर लेकीवर तोंड सोडलं. इतकी साधी गोष्ट जमत नाही, लक्ष कुठं असतं, असंच करायचं असेल तर घरी बस. चाक बंद झालं. मालकानं मान वर केली. धाकटी बोलत राहिली, आणि ज्यांना बोलायला हवं होतं त्यांच्यातलं कोणीच त्या खोलीत नव्हतं.

लेकीनं साचा आईच्या हातातून घेतला, तो टोपलीत टाकला, वाडग्यात नवीन प्लास्टर मोजून घेतलं आणि पाणी घालून ढवळायला लागली.